गांडुळाची त्वचा आणि माझा डावा हात

मार्च १९७३, मंगळवार, दुपारचं प्रॅक्टिकल. हजर: बी.एस्सी.च्या प्राणिशास्त्राचा वर्ग, प्रयोगशाळेतले मदतनीस शांतवन, मी, आणि मुलांच्या घरच्या अळूच्या आळ्यांतून गोळा होऊन आलेली गांडुळं. गैरहजर: नळाचं पाणी.

कुठलीही गोष्ट सांगताना मी अशीच सुरुवात करते. आधी हजेरी, मग काम. माझ्या पर्समध्ये रोजच्या कामांची यादी असते आणि संध्याकाळपर्यंत तिच्यातल्या बहुतेक ओळींवर रेघ मारलेली असते. यादी करणाऱ्या माणसाला लोक कोरडं समजतात. मला मात्र वाटतं, ज्याला विसरण्याची, चुकण्याची, उशीर होण्याची फार भीती असते तोच यादी करतो. म्हणजे ही माझी शिस्त नसून काळजीच असेल. फक्त शाईने, नीट अक्षरात लिहिलेली.

त्या दुपारी शांतवननी धुतलेलं एक गांडूळ माझ्या डाव्या तळहातावर ठेवलं. बाहेर उन्हाने स्टेशनातले रूळ थरथरताना दिसत होते. खिडक्यांचे वाळ्याचे पडदे कोरडे लटकत होते, कारण माणसांना प्यायला पाणी नसताना पडद्यांवर कोण शिंपडणार? आणि अशा भाजक्या दिवशी माझ्या हातावरून एक गारवा चालू लागला. किती दिवसांनी असं काही ओलं, जिवंत, संथ माझ्या कातडीला लागत होतं! गांडूळ आधी बारीक होऊन लांबतं, मग पुढचं टोक रोवून मागचं अंग ओढून घेतं. तळहातावर ती ओढ अगदी स्पष्ट कळते. त्याच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे राठ केस असतात, ते कातडीला किंचित खरवडतात. वर्गाला मी दरवर्षी सांगते, आधी हाताने बघा, मग डोळ्यांनी. तेच सांगत होते. अंगठ्याच्या मुळाशी ते मला लागत होतं. मधल्या बोटाखाली लागत होतं. मग ते करंगळीच्या बाजूला वळलं, तळहाताच्या कडेवर आलं, आणि संपलं.

पडलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर ते कडेवरून सरकत होतं, लांबत होतं, आखडत होतं. दिसत होतं, लागत नव्हतं.

मी शिकवणं थांबवलं नाही. गांडूळ उचलून ट्रेमध्ये ठेवलं आणि म्हणाले, “आता पाठ आणि पोट ओळखा.”

यंदा गांडुळं मिळवणं हेच मोठं काम होऊन बसलं होतं. एरवी शांतवन पाटाच्या कडेला कुदळ घेऊन जात आणि तासाभरात डबा भरून आणत. यंदा पाट कोरडा, विहिरी कोरड्या, आणि भेगा पडलेल्या जमिनीत गांडुळं इतकी खोल गेलेली की कुदळ टेकते तिथे फक्त ढेकळं. “बाई,” शांतवन म्हणाले, “गांडूळ शोधायचं म्हंजी आता पानी शोधायचं. आन् पानी तर सरकारलाबी घावंना. पोरांना यंदा खडी फोडायचं प्रॅक्टिकल ठेवा, त्यातच नोकरी हाय.”

मग मला अळूची आठवण झाली. आपल्याकडे घरामागे मोरीचं सांडपाणी जिथे जातं तिथे अळू लावायची पद्धत आहे. कितीही टंचाई असो, माणूस तांब्याभर पाण्याने तोंड तर धुतोच, आणि तेवढं पाणी अळूच्या मुळाशी जातं. साऱ्या गावात ओल उरली असेल तर ती अळूच्या आळ्यात. मी वर्गाला सांगितलं, ज्याने त्याने आपल्या घरच्या अळूखालची गांडुळं आणावीत. कुणी पितळी डब्यात आणली, कुणी फुटक्या बरणीत ओली माती घालून. एका मुलीच्या आईने निरोप पाठवला की बाईंना म्हणावं, गांडुळं न्या, पण निदान अळूची पानं तेवढी राहू द्या, श्राद्धाला लागतात. आमच्या घरचं आळंही मी उकरलं. त्याची राखण आमच्या वन्सं करतात.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण, अनसूया. शेवगावकडच्या खेड्यात लग्न करून गेलेल्या, तरुणपणीच विधवा झाल्या, आणि गेली कित्येक वर्षं आमच्याकडे आहेत. यजमान दुष्काळी कामांवर ओव्हरसियर. शनिवारी येतात, सोमवारी पहाटेच्या गाडीने जातात. म्हणजे घरात आठवडाभर आम्ही दोघी. माझं प्राणिशास्त्र वन्संना पहिल्या दिवसापासून नापसंत आहे. मी कॉलेजातून आले की दारातच विचारतात, “आज काय कापलंत? बेडूक का झुरळ?” आणि उत्तर काहीही असलं तरी पुढचं वाक्य ठरलेलं: “हात धुतल्याबिगर माठाला हात लावू नका. दोनदा धुवा.” यंदा त्यातही एक अडचण आली, कारण दोनदा हात धुवायचे तर पाणी दुप्पट. “तुमच्या किड्यांपायी माजा तांब्या रिकामा होतो,” असं म्हणत त्या स्वतःच माझ्या हातांवर पाणी घालायच्या, धार इतकी बारीक की दोऱ्यासारखी, आणि खाली घमेलं धरायच्या, ते पाणी पुन्हा अळूला.

पण मी वर्गातली गोष्ट सांगत होते. गांडुळाची पाठ आणि पोट ओळखणं हा आमच्या विषयातला एक जुना सापळा आहे. मागच्या सत्रात मुलांनी बेडूक उघडलेला असतो. बेडूक उताणा ठेवायचा आणि पोटाच्या बाजूने उघडायचा. हाताला तीच सवय लागते. गांडुळाचं सगळं उलट आहे. आपली मज्जारज्जू पाठीत, गांडुळाची पोटात. म्हणून गांडूळ पाठीच्या गडद रेघेवरून उघडायचं, म्हणजे खालची पांढरी दोरी शाबूत राहते. सांगून सांगून माझा घसा बसतो, तरी दरवर्षी कुणीतरी गांडूळ उताणं टाकतंच. यंदा तो भानुदास होता, पाथर्डीकडचा, अंगाने दांडगा आणि हाताने फार हळुवार. त्याने इतकी सुंदर चीर घेतली होती, कडा इतक्या सारख्या टाचण्यांनी ताणल्या होत्या की क्षणभर मलाही चूक दिसली नाही.

“भानुदास, मज्जारज्जू दाखव.”

तो वाकून बघत राहिला. “बाई, न्हाईच हाय.”

“नाही कशी? गांडूळ तिच्याशिवाय जन्माला आलं?”

“होती बाई,” शेजारची मुलगी म्हणाली, “यानं मधोमध कापून दोन केल्या. एक डावीकडं, एक उजवीकडं.”

“बेडकाची सवय लागली, बाई,” भानुदास म्हणाला. मागून शांतवन पुटपुटले, “बेडूक उताना झोपतो. गांडूळ बिचारं जन्मभर पालथं.” वर्ग हसला, मीही हसले. आणि हसता हसता माझा उजवा हात डाव्या तळहाताची कड चाचपत होता, हे माझ्या लक्षात आलं.

ज्याला मेंदू म्हणायचं ते गांडुळाच्या तोंडाच्या किंचित मागे असतं. दोन पांढरे ठिपके, एकमेकांना चिकटलेले, वरीच्या दाण्याएवढेसुद्धा नाहीत. त्यांपासून दोन धागे घशाला वळसा घालून खाली येतात, एकमेकांना भेटतात, आणि तिथून ती पांढरी दोरी पोटातून थेट शेपटीपर्यंत जाते, प्रत्येक वलयात एक गाठ बांधत. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत, नाक नाही. पण म्हणून ते आंधळं आहे का? त्याची सारी त्वचाच इंद्रिय आहे. वलयावलयात बारीक पेशींचे झुबके आहेत, त्यांची टोकं बाहेर डोकावतात आणि स्पर्श टिपतात. तोंडाच्या आत चव ओळखणाऱ्या पेशी आहेत. आणि पाठीवर, विशेषतः पुढच्या टोकाशी, एकेकट्या विखुरलेल्या अशा पेशी आहेत की ज्यांच्या पोटात इवलंसं भिंग असतं. त्यांना उजेड कळतो. आकार कळत नाही, रंग कळत नाही, फक्त उजेड आहे की अंधार, एवढंच. पोटाकडच्या बाजूला या पेशी नाहीत. खरंच आहे, जी बाजू सदैव मातीला टेकलेली, तिला उजेडाची चौकशी कशाला?

हे सगळं मी कित्येक वर्षं फळ्यावर काढत आले आहे. पांढऱ्या खडूने त्वचा, पिवळ्याने पेशी, लाल खडूने त्यांच्यापासून आत जाणारे तंतू. पण त्या मंगळवारी चित्र काढताना पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की या जिवाला स्वतःच्या देहाची कड न कड ठाऊक आहे. त्याच्या अंगावर अशी एक जागा नाही, की जिथे जग येऊन टेकलं आणि त्याला कळलं नाही. माझ्या अंगावर आहे.

तुम्हाला वाटेल, करंगळी बधिर झाली तर एवढं काय? मीही आधी तसंच म्हटलं होतं. संक्रांतीच्या सुमारास करंगळीला एक फोड दिसला होता, भाजल्याचा. कधी भाजलं ते आठवेना. चहाचं पातेलं उतरवताना असेल, असं म्हणून मी मलम लावलं आणि विसरले. त्याच सुमारास मला अंघोळीनंतर केस पुसताना बघून वन्सं म्हणाल्या होत्या, “वहिनी, तुमच्या कोपराच्या वर, मागल्या अंगाला, पांढुरका चट्टा हाय. रुपायाएवढा.” मी म्हटलं, शिबं असेल, अंगावर उठतात तसले साधे पांढरे डाग. आरशात मान वळवून पाहिलं, नीट दिसला नाही, सोडून दिलं. दोन गोष्टी, दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या कारणांनी मी बाजूला ठेवल्या. मंगळवारी गांडूळ तळहाताच्या कडेवरून चालत गेलं आणि त्या दोन्ही गोष्टी एकमेकींना येऊन भेटल्या, घशाला वळसा घालून आलेल्या त्या दोन धाग्यांसारख्या.

फिकट चट्टा आणि बधिर बोटं. एस.टी. स्टँडवरच्या पाटीवर हेच लिहिलेलं असतं. कुष्ठरोग. आपण बोलताना महारोग म्हणतो, आणि तेवढा शब्द उच्चारताना आवाज खाली नेतो.

पण दुसरीही एक शक्यता होती, आणि मंगळवारपासून मी तिला घट्ट धरून होते. कोपर कशाला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ते तुम्ही अनुभवलंच असेल. तिथे हाडाला लागून एक शीर जाते. सूक्ष्मदर्शकात बघताना माझं डावं कोपर टेबलाच्या कडेवर टेकलेलं असतं, रोज, वर्षानुवर्षं. त्या दाबानेही करंगळीची बाजू बधिर होऊ शकते. तसं असेल तर काम सोपं: कोपराखाली घडी घातलेला टॉवेल. यादीत लिहायला केवढी सुटसुटीत ओळ! मात्र या दोन शक्यतांचा निकाल करंगळी देऊ शकत नव्हती, कारण ती दोन्हीत बधिरच असणार. निकाल त्या चट्ट्यापाशी होता. चट्टा कोपराच्या वर. टेबलाचा दाब तिथली कातडी बधिर करणार नाही. चट्ट्यावर स्पर्श कळला तर टॉवेल. नाही कळला तर नगरची एस.टी.; तिथे दवाखान्यात गुरुवारी त्वचारोगाचे डॉक्टर बसतात.

मंगळवारी संध्याकाळी मी खोलीचं दार लोटलं, कापसाची बारीक वात केली, डोळे मिटले आणि उजवा हात मागे नेऊन वात चट्ट्यावर टेकवली. कळलं. मला इतकं हलकं वाटलं की मी उठून कंदिलाची काचसुद्धा पुसून ठेवली. मग पुन्हा बसले, पुन्हा टेकवली, पुन्हा कळलं. आणि तिसऱ्यांदा टेकवताना माझ्यातली मास्तरीण जागी झाली. कळलं म्हणजे काय कळलं? वात टेकवणारा हात माझाच होता. तो केव्हा टेकतो हे मेंदूला आधीच ठाऊक होतं. मला चट्टा सांगत होता की माझा उजवा हात? परीक्षा घेणारी मी, देणारी मी, आणि पास झाले म्हणून आनंद करणारीही मीच. असा प्रयोग एखाद्या विद्यार्थ्याने वहीत लिहून आणला असता तर मी त्यावर लाल रेघ मारली असती.

भानुदासला मी हसले होते. माझं तरी काय वेगळं चाललं होतं? ज्या बाजूने उघडायची सवय, त्याच बाजूने मी स्वतःला उघडत होते. सगळं आपलं आपण करायचं, कुणाला त्रास द्यायचा नाही, कुणाला सांगायचं नाही, ही माझी सवय. आणि नेमकी ही एक गोष्ट अशी निघाली की जिला दुसऱ्या माणसाचा हात लागतो. दुसरा हात म्हणजे सांगणं आलं. सांगणं म्हणजे तो शब्द आला.

नंतर अंथरुणावर पडल्यापडल्या मी गांडुळाच्या मेंदूतल्या काही विशेष पेशींचा विचार करत राहिले. वर्गात मी त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही, परीक्षेत क्वचितच विचारतात. मेंदूतल्या बहुतेक पेशी निरोप्याचं काम करतात: इकडून आला निरोप, तिकडे पोचवला, झालं. पण काही पेशी निरोप धाडत नाहीत, रस पाझरवतात. त्यांच्या आत बारीक कण साठतात, तंतूतून हळूहळू सरकतात आणि रक्तात मिसळतात. वाढायचं केव्हा, अंडी घालायची केव्हा, तुटलेलं शेपूट पुन्हा वाढवायचं की नाही, असल्या संथ गोष्टी त्या रसाच्या हातात. भीतीही मला तशीच वाटते. टाचणी टोचली की जी दचक येते ती भीती नाही. ती आली आणि गेली. खरी भीती पाझरते. ती सकाळच्या चहात असते, फळ्यावरच्या खडूत असते, हजेरी घेताना नावांच्या मधल्या जागेत असते. हातांना कळत नाही, कुणाला दिसत नाही, आणि एका दिवसात सगळं अंग त्या रसावर चालू लागतं.

मला भीती नक्की कशाची होती, हे मी स्वतःला विचारलं. रोगाची? आता त्यावर गोळ्या आहेत, वेळेवर सुरू केल्या तर बोटं राहतात, माणूस चालताफिरता राहतो. हे मला माहीत आहे आणि मी इतरांना सांगितलेलंही आहे. मग? उद्या कॉलेजात कळलं तर माझ्या हातचा ट्रे मुलं घेतील का? शांतवन माझ्या टेबलावर चहाचा कप ठेवतील का, की दाराशी ठेवून जातील? यजमानांना शनिवारी काय सांगायचं? आणि वन्सं, ज्या गांडूळ धरलेल्या हाताला माठ शिवू देत नाहीत, त्या या हाताला काय म्हणतील? गांडुळाचा मेंदू काढून टाकला तर ते मरत नाही, थांबतही नाही; उलट अधिक अस्वस्थ होऊन फिरतच राहतं. त्या दोन पांढऱ्या ठिपक्यांचं एक काम थांबवणं हेही आहे. मला त्या वेळी कुणीतरी थांबवायला हवं होतं.

आज, बुधवारी, कॉलेजातून आले. वन्सं अळूच्या आळ्यापाशी बसल्या होत्या. उकरलेली माती त्यांनी पुन्हा सारखी केली होती. “आलात? आज काय कापलंत?”

“आज काही नाही. उरलेली गांडुळं परत आणलीत, आळ्यात सोडायला.” मी डबा मोरीच्या कट्ट्यावर ठेवला.

“बरं केलंत. गेल्यापास्नं अळू रुसलाय.” त्या तांब्या घ्यायला उठल्या. “या, हात धुवा.”

“वन्सं, आधी एक काम आहे. तुमचा हात लागेल.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं काही म्हटलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी सांगितलं. फोड, करंगळी, चट्टा, कोपराखालची शीर, टेबल, दोन्ही शक्यता, सगळं क्रमाने, वर्गात सांगते तसं. शब्दही उच्चारला. आवाज खाली नेला नाही, निदान तसा प्रयत्न केला.

वन्संनी तांब्या खाली ठेवला, पदराला हात पुसले, घरात जाऊन देवापुढच्या वातींचा कापूस आणला. मग म्हणाल्या, “कसं करायचं ते सांगा. मला तुमचं शास्त्र येत न्हाई.”

मी ओट्यावर त्यांच्याकडे पाठ करून बसले, पोलक्याची बाही खांद्यापर्यंत वर सरकवली. म्हटलं, “मी डोळे मिटते. तुम्ही कुठेही टेकवा, खांद्यावर, मानेवर, चट्ट्यावर. मला सांगू नका. कळलं की मी ‘हं’ म्हणेन.”

“आन् न्हाई कळलं तर?”

“तर मी काहीच म्हणणार नाही.”

मी डोळे मिटले. पाठ उन्हाकडे होती. मिटल्या डोळ्यांनीही उजेड कळत होता, फक्त उजेड, आकार नाही. खांद्यावर काहीतरी टेकलं, कोळ्याच्या धाग्याइतकं हलकं. “हं.” मानेखाली. “हं.” दंडावर वरच्या बाजूला. “हं.” पुन्हा खांद्यावर. “हं.” मग काही झालं नाही. मी वाट पाहिली. शेजारच्या घरात कुणीतरी बादली ओढली, रिकाम्या बादलीचा तो आवाज यंदा सगळ्या गावाला पाठ झाला आहे. मी वाट पाहत राहिले. वन्सं विचार करत असतील, कुठे टेकवायचं ते. किंवा वात विस्कटली असेल. मी म्हटलं, “टेकवा ना, वन्सं.”

मागून आवाज आला, अगदी हळू. “टेकवलाय, वहिनी. कवाचा टेकवलाय.”

मी डोळे उघडले नाहीत. थोड्या वेळाने माझ्या पाठीवर त्यांचा सबंध तळवा टेकला, मण्यांसारखे घट्टे असलेला, राठ, गरम. तो मला पूर्ण कळला. त्याची प्रत्येक कड कळली.

त्या उठून घरात गेल्या. मी बाही खाली केली. मला वाटलं, आता त्या हात धुतील, आणि मी त्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. त्या परत आल्या तेव्हा हातात काही नव्हतं. माझ्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, “घसा सुकलाय माजा. माठातलं पानी आना. तुमीबी प्या.”

“हात धुवायचेत अजून.”

“आना म्हणते ना.”

मी माठातून पाणी आणलं, एकाच तांब्यात. त्या वरून न ओतता तोंड लावून प्यायल्या, उरलेलं माझ्यापुढे केलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “उद्याची पैली गाडी कितीला हाय? मी येते. एकट्या गेलात तर डाक्तरला निस्तं शास्त्र सांगत बसाल. आन् भावाला मीच सांगन शनवारी, तुमी मधी बोलू नका.”

“तुम्हाला भीती नाही वाटत?”

“वाटती की,” वन्सं म्हणाल्या. “म्हून तर येते.”

संध्याकाळ झाली आहे. वन्सं आत भाकरी बडवतायत, त्या आवाजाच्या तालावर मी हे लिहिते आहे. मंगळवारपासून जो रस अंगात पाझरतो आहे तो थांबलेला नाही. डॉक्टर काय म्हणतील, गोळ्या किती वर्षं, कॉलेजात कुणाला सांगायचं आणि कसं, यांतलं काहीच मला माहीत नाही. उद्याच्या यादीत गाडी लिहिली आहे, रजेचा अर्ज लिहिला आहे, शांतवनना निरोप लिहिला आहे. आणि इतकी वर्षं फळ्यावर त्वचेचं चित्र काढूनही एक गोष्ट मला आजच कळली: त्या पेशींची टोकं बाहेरच्या बाजूला असतात. स्वतःच्या त्वचेची खबर स्वतःला मिळावी म्हणूनसुद्धा बाहेरून कुणीतरी येऊन टेकावं लागतं.

आजच्या यादीतलं एक काम मात्र राहिलं आहे. गांडुळांचा डबा मोरीच्या कट्ट्यावर तसाच आहे, वर ओलं फडकं. अंधार पडण्याआधी त्यांना अळूच्या मुळाशी सोडायला हवं. डब्यात हात घालायचा तर उजवा चालेल. पण मला त्यांतलं एक डाव्या तळहातावर घ्यायचं आहे, अंगठ्याच्या मुळापासून त्याला चालू द्यायचं आहे, आणि ते नेमकं कुठे लागायचं थांबतं ती रेघ उद्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी पेनाने आखून ठेवायची आहे. मघापासून दोनदा उठले, दोनदा पुन्हा बसले. वन्सं आतून विचारतायत, “सोडली का गांडुळं?”

अजून नाही.